आडवं घर

दाराची मूठ गोल नव्हती. लांबट होती, आडवी, टोकाशी किंचित आत वळलेली – बोटं वळत नसली तरी नुसत्या कोपराने दाबून दार उघडता यावं अशी. तिने ती दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. कुलपाची जीभ आवाज न करता आत जात होती. दार जिथे सोडावं तिथेच थांबत होतं, पुढेही सरकत नव्हतं की मागेही येत नव्हतं. म्हणजे चौकट ओळंब्यात होती, बिजागऱ्या कुणीतरी मन लावून बसवल्या होत्या. नाव ठेवायला जागा नव्हती. सकाळपासून ती तीच तर शोधत होती, नाव ठेवायला जागा, आणि ती काही केल्या सापडत नव्हती.

"आई, तू अजून दारातच?" आतून चिमीचा आवाज आला. रिकाम्या खोल्यांतून तो जरा मोठा होऊन आला. "अगं, आत ये ना. उंबरासुद्धा नाही, बघ! कुठ्ठे म्हणून पायरी नाही!"

चिमी म्हणजे तिची एकुलती एक लेक. चाळिशीला आली होती, ऑफिसात तिच्या धाकाने माणसं फाइली घेऊन पळत, पण आज या मोकळ्या घरात ती शाळेच्या सहलीला आल्यासारखी हुंदडत होती. या खोलीतून त्या खोलीत, खिडक्या उघडत, नळ सोडून बघत. कोपऱ्यात घर दाखवणारा एजंट किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत उभा होता आणि कौतुकाने हसत होता, जणू घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं होतं.

ती आत आली. फरशी अंगणातून थेट घरात वाहत आल्यासारखी सपाट होती. घर बसकं होतं आणि लांब. पुढची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, मग झोपायच्या दोन खोल्या, आणि सगळ्यांच्या कडेकडेने जाणारा काचबंद व्हरांडा. त्याच्या अगदी टोकाला, बाकीच्या घरापासून जरा फटकून, एक लहानशी खोली. खिडक्या इतक्या खाली की खुर्चीत बसल्या बसल्या बाहेरचं गवत दिसावं. भांडी घासायच्या जागेसमोर भिंत नव्हती, खिडकी होती. खिडकीत एक झाड होतं…

"ओळखलंस?" चिमी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

"काय ओळखायचं?"

"आई! आडवं घर!"

ओळखलं होतं तिने. फाटकातून आत येतानाच ओळखलं होतं, आणि म्हणूनच तर दाराच्या मुठीशी इतका वेळ काढला होता.

चिमी लहान होती तेव्हा तिला झोपताना गोष्ट लागायची, आणि हिला गोष्टी येत नसत. राजा-राणी कधी जमलेच नाहीत. दिवसभर आर्किटेक्टच्या ऑफिसात उंच स्टुलावर बसून दुसऱ्यांची घरं ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायची, तर डोक्यात दुसरं काय असणार – भिंती, दारं, खिडक्या. म्हणून मग ती घराचीच गोष्ट सांगायची. एक होतं उभं घर आणि एक होतं आडवं घर. उभं घर बिचारं सारखं टाचा उंचावून उभं, त्याचे पाय दुखायचे. आडवं घर आपलं गवतात खुशाल लोळत पडलेलं. त्याला एक लांबच लांब व्हरांडा होता, भांडी घासताना दिसेल असं एक झाड होतं, आणि अगदी टोकाला एक खोली होती, जिथे सावल्या पडत नाहीत असा उत्तरेचा उजेड यायचा… चिमी डोळे मिटून त्या घरात चालत जायची. "आता व्हरांडा… आता झाड…" – आणि टोकाच्या खोलीपर्यंत पोचायच्या आत झोपून जायची. पुढची गोष्ट मग हिची हिलाच सांगावी लागे. टोकाच्या खोलीत एक टेबल असायचं. टेबलावर कोरा कागद. दुसऱ्याच्या रेषांवरून गिरवायचा नाही असा, अगदी कोरा.

"किती दिवस शोधत होते माहितेय?" चिमीने तिला मागून मिठी मारली, हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली. "मागच्या आठवड्यात हे बघितलं आणि मला रडूच आलं. म्हटलं, हे तर आईचंच. जन्मभर दुसऱ्यांची काढलीस, आता तुझं."

"हो गं," ती म्हणाली. आवाज बरा निघाला. लेकीचे हात तिने स्वतःच्या हातांनी थोपटले, आणि थोपटता थोपटता तिला वाटलं, हे हात किती घट्ट आहेत, सुटायला जागाच नाही… काय हा विचार! पोरीने एवढं शोधून काढलं, जीव टाकला, आणि मी…

"काकू, या वयात हेच बरं," एजंट म्हणाला. "सारखं वरखाली करण्यात काय राहिलंय आता? फक्त आज संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. आणखी एक जण बघून गेलेत."

तेवढ्यात बाहेर टक… सर्र… असा आवाज झाला. नवऱ्याचा वॉकर. एकदा टेकायचा, मग डावा पाय ओढत आणायचा. अर्धांगाचा झटका येऊन गेल्याला दोन वर्षं झाली होती. वाचा शाबूत राहिली, डावी बाजू मात्र गेली आणि मग थोडी थोडी परत आली, पायरी चढण्याइतकी मात्र नाही. जावयाने त्याला गाडीतून उतरवून अंगणात आणून सोडलं होतं आणि फोनवर बोलायला तो परत गाडीशी गेला होता.

"बाबा, सांभाळून! थांबा, मी येते."

"नको, नको येऊस," तो म्हणाला. "बघू तरी दे मला."

आणि तो आला. कुणाचा हात न धरता दारातून आत आला. पुढच्या खोलीत जरा थबकला, मान वळवून चारी भिंती बघितल्या, आणि मग स्वयंपाकघरात. टक… सर्र… स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत. कुठेही अडलं नाही. तिने बघितलं, त्याचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता, पोहायला शिकणाऱ्या पोराने पहिल्यांदा काठ सोडावा तसा. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण पाय मात्र आपोआप मागे सरत व्हरांड्याकडे वळले, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत ती टोकाच्या खोलीकडे निघून गेली.

तिथे उजेड होता. अगदी तसाच – न सरकणारा, सावली न पाडणारा. हा उजेड तिने इतक्या वर्षांत इतक्या वेळा डोक्यातल्या डोक्यात त्या खोलीत सोडला होता, की आता तो खरोखरीच भिंतीवर पडलेला बघून तिला एकदम अंगावरचं काही उघडं पडल्यासारखं झालं. टेबल इथे. खिडकीशी काटकोनात. खुर्ची अशी की पाठ दाराकडे… छे, पाठ भिंतीकडे, दार समोर दिसेल अशी. नाही, दार दिसायलाच नको. दार बंदच असेल. ती डोळे मिटून उभी राहिली. आता पुढे गोष्टीत काय असायचं? आता कोरा कागद…

टक. सर्र.

तिने डोळे उघडले. आवाज व्हरांड्यात होता. तो सावकाश, न थकता, जवळ जवळ येत होता. मध्ये थांबत नव्हता. मध्ये थांबायला काही नव्हतंच तिथे. मग वॉकरची दोन रबरी टोकं दारातून आत आली, आणि त्यांच्यामागे तो.

"इथेही येता येतं की मला!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कपाळावर घाम होता, आणि तो हसत होता. "बघितलंस? अख्खं घर फिरलो. एकटा. आता तुला हाका मारत बसायला नको. तू कुठेही अस, मी आपला येईन."

"हो," ती म्हणाली. "या ना. बसा." पण बसायला त्या खोलीत काहीच नव्हतं.

गाडीतून परत येताना ती मागच्या सीटवर बसली. पुढे चिमी आणि जावई दारांबद्दल, फरशीबद्दल बोलत होते, आणि तिच्या शेजारी बसलेला नवरा दोघांच्या मध्ये तोंड घालत होता. तो बसच्या आगारात कंट्रोलर होता. पस्तीस वर्षं मायक्रोफोनसमोर बसून कुठली गाडी कुठे आहे, कुठल्या फलाटावर लागणार, कुठली वाटेत बंद पडलीय हे सांगण्यात गेली. घरी मायक्रोफोन नव्हता. पण त्याने काही अडलं नाही. कुठे आहेस? – घरात शिरताच पहिला प्रश्न. अंघोळीला गेली तर, गच्चीवर कपडे वाळत घालत असली तर, नुसती दोन मिनिटं खिडकीशी उभी राहिली तर… कुठे आहेस? रागाने नव्हे. राग त्याला कधी फारसा आलाच नाही. हात उगारणं सोडा, ताट सरकवणंसुद्धा माहीत नव्हतं. नुसतं त्याला ठाऊक हवं असे. ठाऊक झालं की "बरं" म्हणायचा आणि पेपर उघडायचा. आणि एवढ्याशा गोष्टीवरून तक्रार तरी कशी करायची? कुणाला सांगणार? बहिणींच्या नवऱ्यांनी काय काय धिंगाणे घातले होते. तुझा हाका मारतो… एवढंच ना?

एवढंच.

त्यांचं स्वतःचं घर उभं होतं. अरुंद जागेवर खोलीवर खोली चढवलेली, खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, त्यांच्यावर गच्ची. हे घर त्याने काढलं होतं. नकाशे गिरवून पोट भरणारी बायको घरात असताना, त्याने एका दुपारी गाड्यांच्या वेळापत्रकाच्या पाठीवर बॉलपेनने चार चौकटी मारल्या आणि आनंदाने तिच्यासमोर धरल्या. "दुमजली! कसं रुबाबदार दिसेल!" तिने तो कागद घेतला आणि ऑफिसात नेऊन मापात बसवून शाईने गिरवला. जिन्याच्या जागी समांतर रेषा मारल्या, त्यांच्यावरून बाण काढला, आणि बाणाच्या टोकाशी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं – वर. तेव्हा तिला हेही सुचलं नाही की आपण काही बोलायला हवं होतं. बोलली असती तर त्याने ऐकलंही असतं कदाचित. हेच तर… त्याला दोष देता येईल असं त्याने कधी काही केलंच नाही.

मग जिना आला आयुष्यात. बादल्या वर, कपडे खाली. तापाने फणफणलेली चिमी वर, तिचं पेजेचं भांडं खाली, औषधाची बाटली परत वर. गुडघे तेव्हा तरुण होते तरी रात्री ठणकायचे. त्या जिन्याला तिने मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या असतील! आणि जितक्या शिव्या घातल्या तितकं आडवं घर भरत गेलं. कढी ढवळताना तिने त्याचा व्हरांडा लांबवला, बटणं लावताना खिडक्या खाली आणल्या…

आणि मग तो पडला. दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याची खाट दिवाणखान्यात मांडली. डॉक्टर म्हणाले, जिना आता विसरा. सुरुवातीचे महिने ती खालीच, सोफ्यावर झोपली. मग चिमीनेच आग्रह केला – "आई, पाठ मोडेल तुझी. वर जाऊन नीट झोपत जा. बाबांच्या उशाशी घंटी ठेवू." म्हणून ती वर गेली. खोली उघडली, पलंगावर बसली. कुणी बोलावलं नाही. थोडा वेळ गेला, तरी नाही. खिडकी उघडी ठेवली – त्याला वारा लागायचा म्हणून ती घर बांधल्यापासून बंद असे. मग पलंगावर आडवी पडली, तिरकी, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि छताकडे बघत राहिली. ज्या जिन्याने जन्मभर पायांत बेड्या घातल्या तोच आता तिच्या मागे राखणीला उभा होता. तिच्याशिवाय तो कुणालाच वर सोडत नव्हता. हे तिने कुणाला सांगितलं असतं? माणूस अर्धा लुळा पडलाय, आणि बायको वर जाऊन पाय ताणून…

वर ती काही करत नसे. हेच कुणाला पटलं नसतं. वाचत नसे, विणत नसे. खिडकीशी जायची, खुर्चीत बसायची, पलंगाच्या कडेला बसायची. पूर्वी चिमीची होती त्या खोलीत जाऊन उगाच उभी राहायची. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं, की कितीतरी महिन्यांत आपण आडव्या घरात पाऊलच टाकलेलं नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

गाडी दारात थांबली. जावई नवऱ्याला उतरवून आत घेऊन गेला, खाटेवर बसवलं, आणि दोघं टीव्ही लावून बसले. चिमी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. तिने चहा ठेवला तशी चिमी ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, तू एवढी गप्प का गं?"

"कुठे गप्प? दमले जरा."

"मला ना आज सारखी ती गोष्ट आठवतेय." चिमी हसली. "मी विचारायचे बघ, आडव्या घरात आई कुठे झोपते? तू सांगायचीस. चिमी कुठे झोपते? ते पण सांगायचीस. आणि बाबा कुठे झोपतात विचारलं, की म्हणायचीस, बाबा ड्यूटीवर आहेत!"

ती पण हसली. दोघी हसल्या. मग चिमीचं हसू थोडं आधी थांबलं.

"पण खरंच, बाबांची खोली कुठे होती त्या घरात?"

"होती की."

"कुठे?"

चहा वर येत होता. तिने गॅस बारीक केला, नको इतका बारीक. "व्हरांड्याच्या या अंगाला. मधली."

"मधली तर माझी होती."

"मग… असेल कुठेतरी. इतक्या वर्षांपूर्वीचं आठवतंय थोडंच?" ती म्हणाली, आणि त्या घराचा एकूण एक कोपरा तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला. पुढची खोली, झाडाची खिडकी, चिमीची मधली, आपली तिच्या पलीकडची, आणि टोकाची. दुसऱ्यांच्या घरांत तिने शेकड्यांनी जोड-पलंग आखले होते, दोन चौकोन, दोन उश्या. हात आपोआप चालायचा. स्वतःच्या आडव्या घरात ती तो आखायला विसरली असेल असं नव्हे. तिला तिथे ते सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही.

चिमी तिच्याकडे बघत होती. लेकीच्या डोळ्यांत प्रश्न नव्हता, प्रश्नाच्या जरा अलीकडचं काहीतरी होतं. भिंतीला कान लावावा आणि लगेच काढून घ्यावा तसं.

"आई… तुला नको असेल तर सांग हं. अगदी स्पष्ट सांग."

आता. आता सांगता येईल. पण काय सांगायचं? घर वाईट नाही. तुझे बाबा वाईट नाहीत. तू तर… मला जिना हवाय. ज्याच्यामुळे गुडघे गेले तोच हवाय, कारण तुझ्या बाबांना तो चढता येत नाही. असं वाक्य तोंडातून बाहेर पडलं तर ते घरभर होईल. परत कसं गोळा करायचं? आणि ऐकल्यावर या पोरीने कुठे जायचं – तिच्या लहानपणाच्या प्रत्येक रात्रीत शिरून तिला बापाची खाट शोधत बसावं लागेल.

"नको कशाला असेल?" ती म्हणाली. "एवढं छान घर."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे काय! उतू जाईल, कप दे इकडे."

चिमीने कप दिले. जाताना दारात तिने आईचा गाल हाताने उगाचच पुसल्यासारखा केला आणि म्हणाली, "संध्याकाळी फोन करते. मग एजंटला कळवून टाकू."

दुपार नेहमीसारखी गेली. नवऱ्याला सूप दिलं, भाकरीचा मऊ भाग मोडून दिला, हाताचे व्यायाम करून घेतले. तो मुठीत चेंडू दाबत होता आणि बोलत होता. सकाळपासून तो थांबलाच नव्हता. किती दिवसांनी बोलत होता असा!

"मी काय म्हणतो, आपण दोघांनी ती शेवटची खोली घेऊ या. उजेड काय सुरेख आहे! दोन खाटा सहज बसतात. एक खिडकीशी, एक दाराशी. खिडकीची तू घे."

तिने त्याची बोटं एकेक करून उघडली. चेंडू काढून घेतला.

"लहान आहे ती," ती म्हणाली. "कोंडल्यासारखं होईल."

"छे गं! तू मापं काढणारी ना? दोन खाटांना किती जागा लागते?" तो खेळकरपणे म्हणाला. बसतात दोन खाटा. तिने सकाळीच बघितलं होतं. नको असताना डोळ्यांनी बघितलं होतं. बसतात, आणि मध्ये एक माणूस आडवं उभं राहील एवढी वाट उरते.

"बघू."

चेंडूसाठी पुढे केलेला हात तसाच तिच्या मांडीवर राहिला. उजवा नव्हे, डावा. वजन नसलेला. मग तो टीव्हीच्या बंद काचेकडे बघत, वेगळ्याच आवाजात, मायक्रोफोनच्या नव्हे, म्हणाला, "तुला एक सांगू? तू वर जातेस ना… मला खालून सगळं कळतं."

"काय कळतं?"

"तुझी पावलं. आधी तू खिडकीशी जातेस. मग खुर्ची, ती जरा करकरते. मग पलंग. कधी कधी चिमीच्या खोलीत जातेस, तिथली फरशी पोकळ वाजते. मी इथे पडल्या पडल्या… आता इथे आहे, आता तिथे गेली. हाक मारत नाही मी. मुद्दाम मारत नाही. चिमी म्हणाली होती, आईला जरा विसावा मिळू दे. घंटीसुद्धा किती वेळा हातात घेतो आणि ठेवतो." तो थोडा हसला. "पण मग एकदम काहीच ऐकू येत नाही. पलंगावर नाही, खुर्चीत नाही, कुठेच नाही. बराच वेळ काहीच नाही. ते मला सहन होत नाही बघ. वाटतं, ही गेली कुठे? वर तर आहे… पण गेली कुठे? मग पाऊल वाजलं की जीव भांड्यात पडतो."

तिच्या मांडीवर त्याचा हात होता आणि त्या हाताखाली तिची मांडी हळूहळू बधिर होत होती. इतके महिने. तिरकं पडणं, उघडी खिडकी, ते उगाच उभं राहणं… प्रत्येकाखाली एक माणूस मान वर करून पडलेला होता. कुणीही वर चढून आलं नव्हतं, आणि तरी ती एक घटकाही एकटी नव्हती. तिला राग यायला हवा होता. तिने आत चाचपून पाहिलं, राग होता कुठेतरी. पण त्याच्यावर हे दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. हाक मारत नाही. मुद्दाम मारत नाही… जन्मभर विचारत आलेला माणूस इतके महिने न विचारता पडून राहिला होता, आणि हे तिला कळलंच नव्हतं. कळायचं कसं, तिने कधी खालचं ऐकलंच नाही.

"वारा सुटलाय," तो म्हणाला. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता. "वरची खिडकी लावून ये. आणि चिमीचा फोन येईल आता. सांगून टाकू ना?"

"येते लावून," ती म्हणाली.

ती जिना चढली. पहिल्यांदाच तिला प्रत्येक पायरी ऐकू आली. वरच्या खोलीत उतरत्या उन्हाचा शेवटचा पट्टा पलंगावर पडला होता, पडदा फडफडत होता. तिने खिडकी लावली. मग परत फिरली – आणि खिडकी आणि खुर्ची यांच्या मधोमध तिचा पाय थांबला.

आता खुर्चीकडे गेले तर खाली खुर्ची उमटेल. पलंगाकडे गेले तर पलंग. काहीही केलं तरी ते एक बोलणं होईल. मी इथे आहे, बरी आहे, येतेय. आणि काहीच केलं नाही, तर तेही… या एवढ्या खोलीत पाय टेकायला फक्त माझी म्हणावी अशी जागा उरलेली नाही. आडव्या घरात तो दारातून येईल. इथे तो फरशीतून येतो. मग फरक काय राहिला? आणि तरी फरक होता. तो तिला जाणवत होता, नुसता बोट ठेवून दाखवता येत नव्हता. तिथे तो येणार होता. इथे तो थांबला होता.

खाली फोन वाजायला लागला. तिने त्याचं "हॅलो" ऐकलं, मग "हो, हो, आहे ना," मग "वर आहे, येईलच," आणि मग शांतता. चिमी काहीतरी बोलत असावी, किंवा तीही थांबली असावी. दोघंही थांबली असावीत.

ती हलली नाही. तळपायाखाली फरशी गार पडत चालली होती, गुडघा कुरकुरत होता. खाली त्याने मान वर केली असेल. आता त्याला वाटत असेल, गेली कुठे? आणि तिला दिसत होतं की हे दुष्टपणाचं आहे, एक पाऊल टाकलं की त्या माणसाचा जीव भांड्यात पडेल, एवढंसं पाऊल… पाऊल ती टाकत नव्हती. श्वाससुद्धा तिने आवरून धरला. आणि त्या आवरलेल्या श्वासात, आयुष्यात पहिल्यांदाच, तिला खालचं ऐकू आलं. आवाज नव्हे. कुणीतरी कान देऊन पडलेलं असतं त्याचं वजन. ते थेट तिच्या पायांखालीच होतं, तिच्याएवढंच निश्चल, तिच्याएवढंच श्वास धरून. इतकं लक्ष देऊन तिचं कुणी कधी ऐकलं होतं का? ती तशीच उभी राहिली, उन्हाचा पट्टा पलंगावरून उतरला तरी उभी राहिली, आणि तिला कळेना की आपण इथे लपलो आहोत, की सापडायची वाट बघतो आहोत.